फायरवॉलमध्ये ड्रॉप लावू की रिजेक्ट?

पोर्ट, पॅकेट, रूल हे माहितीये असं धरून चालतो. दोन्हीत पॅकेट आत येत नाहीच, फरक फक्त समोरच्याला काय कळतं त्याचा. ड्रॉप म्हणजे कडी वाजवणाऱ्याला आतून हूं की चूं नाही. रिजेक्टमध्ये आतून ओरडून सांगतात, इथे काही नाही, पुढे व्हा (टीसीपी जोडणी असेल तर शक्यतो रीसेट, म्हणजे 'जोडणी तोड' असं पॅकेट जातं, नाहीतर आयसीएमपीचा, म्हणजे नेटवर्कच्या एरर कळवणाऱ्या प्रोटोकॉलचा, पोर्ट अनरीचेबल).

आणि नावांवर जाऊ नका हां. युएफडब्ल्यूमध्ये (उबंटूच्या फायरवॉलमध्ये) डिनाय म्हणजे गुपचूप ड्रॉप, पीएफसेन्स नावाच्या फायरवॉलमध्ये त्यालाच ब्लॉक म्हणतात, आणि सिस्कोच्या राउटरवर एसीएलमध्ये (रूलच्या यादीत) डिनाय लिहिलं तर तो बाय डिफॉल्ट आयसीएमपीने नकार कळवतो. मीपण यात फसलोय.

आधी मी सगळीकडे ड्रॉपच लावायचो, म्हणजे मशीन बाहेरून 'दिसतच नाही' म्हणे. मग मेव्हण्याच्या दुकानात तमाशा झाला. काउंटरवर एक उबंटू (लिनक्स) मशीन, आतल्या खोलीत दुसरं, त्यावर पोस्टग्रेस डेटाबेस, आणि रूल असा की त्याचा ५४३२ पोर्ट फक्त काउंटरच्या आयपी ॲड्रेसला उघडा, बाकी सगळ्यांना ड्रॉप. कोणीतरी राउटर रीसेट केला आणि काउंटरला नवीनच आयपी मिळाला. शनिवारची संध्याकाळ, समोर गिऱ्हाईक, आणि बिलाच्या स्क्रीनवर नुसतं चक्र फिरतंय. एरर नाही काही नाही. लिनक्स उत्तर आलं नाही की सिन पॅकेट (जोडणी सुरू करायची विनंती) परत परत पाठवतो, मधलं थांबणं वाढवत, डिफॉल्टला एकूण दोन मिनिटांच्या वर! एवढा दम कोणाला असतो, पोरगा मशीन बंद करून परत चालू करायचा. मी जाऊन केबल बदलली, तिच्या टोकाचा आरजे-४५ कनेक्टर परत क्रिंप केला, स्विचवर संशय घेतला, दोन तास गेले आणि गुन्हेगार निघाला मीच लिहिलेला रूल. रिजेक्ट असता तर 'कनेक्शन रिफ्यूज्ड' लगेच दिसलं असतं आणि मी घरूनच फोनवर ओळखलं असतं.

बरं, त्या 'दिसत नाही'मध्येही फार दम नाही असं मला वाटतं. आयपीवर खरंच कोणी नसेल तर बऱ्याचदा त्याच्या आधीचा राउटर होस्ट अनरीचेबल म्हणून कळवतो, त्यामुळे एकदम शांतता असली की उलट संशय येतो. पोर्ट स्कॅन करणारा एनमॅपपण अशा पोर्टला फिल्टर्ड म्हणतो, म्हणजे फायरवॉल आहे हे कळलंच की.

ड्रॉपची बाजूपण आहे, नाही असं नाही. स्कॅन करणाऱ्याला वाट बघत बसावं लागतं, आपलं अपलोड उत्तरं देण्यात जात नाही, आणि कोणी खोटा सोर्स आयपी टाकून पॅकेट मारली तर आपले नकार तिसऱ्याच माणसाच्या दारात जाऊन पडत नाहीत. बाहेरच्या जगासाठी हे मुद्दे बरोबर आहेत, तुमचा सर्व्हर थेट इंटरनेटवर असेल तर मी वाद घालणार नाही.

पण लॅनमध्ये, म्हणजे आपल्या आतल्या नेटवर्कमध्ये, जिथे अडकणारी माणसं आपलीच असतात, तिथे मी तरी रिजेक्टच लावेन. मेव्हण्याकडे आता लॅनच्या पूर्ण सबनेटला (तिथल्या सगळ्या आयपींना) अलाऊच्या रूलखाली रिजेक्ट आहे, आणि काउंटरचा आयपी राउटरमध्ये रिझर्व्ह करून टाकलाय, जे खरं पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. वॅनवर (इंटरनेटच्या बाजूला) मात्र ड्रॉपच आहे, तो काढायला हात धजावला नाही.