स्टिरॉइड नको म्हणून घेतलेल्या पुड्या

मला आयटीपी आहे. शरीर रक्त गोठवणाऱ्या स्वतःच्याच प्लेटलेट्सवर उठतं आणि प्लीहा त्या संपवत बसते. निरोगी माणसाच्या दीड ते साडेचार लाख असतात. माझ्या कधी 60 हजार, कधी 22. ओट्याचा कोपरा लागला की मांडीवर काळानिळा डाग. कासाराकडे बांगड्या भरल्या की मनगटभर लालजांभळे ठिपके. शेजारच्या काकू हळूच विचारतात, "घरी सगळं ठीक आहे ना गं?" बिचारा नवरा!

प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडच्या गोळ्यांनी आकडा वाढायचा, पण तोंड पुरीसारखं फुगायचं आणि रात्री दोनला भूक लागायची. डॉक्टरांनी ते हळूहळू बंद केलं. आकडा 35 हजारांवर रेंगाळला, पण रक्तस्राव नव्हता, म्हणून नुसतं लक्ष ठेवू म्हणाले. मला तेवढ्यावर चैन पडेना. नात्यातल्या एकाने 'प्लेटलेट्सवाल्या वैद्यां'चा नंबर दिला.

"ताई, स्टिरॉइडचा कणही नाही." महिन्याचे साडेचार हजार, वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेल्या पुड्या, सकाळी दुधातून.

तीन आठवड्यांत 1 लाख 10 हजार! मी पेढे वाटले. पुडी जिभेला लागली की एक कडवट, ओळखीची चव यायची. असेल कुठलं तरी मूळ, म्हटलं. गाल पुन्हा भरले, तर तब्येत सुधारली असं वाटलं.

चौथ्या महिन्यात वैद्य गावी गेले आणि आठ दिवस पुड्या नाहीत. उठताना डोळ्यांपुढे अंधारी, मग तोंडात रक्ताचे फोड. प्लेटलेट्स 9 हजार, साखर वाढलेली. दवाखान्यात भरती, प्लेटलेट्स वाचवणाऱ्या इम्युनोग्लोब्युलिनच्या बाटल्या. डॉक्टरांनी माझा चेहरा पाहूनच विचारलं, "प्रेडनिसोलोन पुन्हा कोणी चालू केलं?" सकाळचं कॉर्टिसॉल, म्हणजे शरीर स्वतः बनवतं ते स्टिरॉइड, तपासलं, अगदी कमी. बाहेरून स्टिरॉइड मिळत राहिलं की शरीर स्वतःचं बनवणं थांबवतं आणि ते एकदम तुटलं की जिवावर बेतू शकतं. पुडी तपासल्याशिवाय छातीठोक सांगणार नाही, म्हणाले. मला मात्र ती चव कशाची ते तेव्हा कळलं.

कुणी अशा पुड्या घेत असाल तर आज फेकून मोकळे होऊ नका, आधी डॉक्टरांना दाखवा. आयुर्वेदिक औषधाच्या डबीवरही बनवणाऱ्याचं नाव, परवाना आणि बॅच क्रमांक असतो. माझ्या कागदावर कुठल्यातरी निवडणुकीची बातमी होती. शिवाय आयटीपीत आकडा आपसूकही वर-खाली होतो, त्यामुळे श्रेय कुणालाही लाटता येतं.

अकरा पुड्या उरल्यात. अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रारीसोबत द्यायच्या आहेत. पावती नाही, त्यांनी कधी दिली नाही, मीही मागितली नाही.