एसएमपीएस टेस्टर : नापास केलं तर विश्वास ठेवा, पास केलं तर पुढे तपासा

बटण दाबलं की पंखा एकदा थरथरतो आणि थांबतो. किंवा पीसी तासभर नीट चालतो आणि गेम लावला की फट्‌कन बंद पडतो. असं मशीन नाशिकमध्ये कुठल्याही दुरुस्तीच्या काउंटरवर नेलं, तर पहिलं निदान बहुधा ठरलेलं असतं : "एसएमपीएस गेलाय, बदलून टाका." (एसएमपीएस म्हणजे भिंतीतली वीज पीसीला लागते तशी करून देणारा, कॅबिनेटमधला डबा.) कधी हे निदान बरोबर निघतं. कधी नवा एसएमपीएस बसवूनही दुखणं तिथंच राहतं आणि जुना मात्र भंगारात गेलेला असतो. हा अंदाजपंचे कारभार टाळायला ऑनलाइन हजाराच्या आत एक डिजिटल टेस्टर मिळतो. तळहाताएवढा डबा, छोटी स्क्रीन, कडेला २४ पिनची खाच आणि बाजूला सीपीयू, ग्राफिक्स कार्ड आणि साटा व मोलेक्स (डिस्क वगैरेंना वीज देणारे प्लग) यांच्या जागा. वेगवेगळ्या नावांनी विकला जात असला तरी आतला माल जवळपास एकच.

वापरायला सोपा आहे, पण क्रम पाळा. पीसी बंद करून वायर भिंतीतून काढा आणि पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा. मग एसएमपीएसचे सगळेच प्लग मशीनमधून काढा, फक्त २४ पिनचा नव्हे. बाकीचे तसेच राहिले तर टेस्टर लावल्यावर बोर्डाला आणि डिस्कला अर्धवट वीज मिळते आणि कुठला आकडा कशामुळे आला ते कळत नाही. आता २४ पिनचा प्लग टेस्टरमध्ये, सोबत सीपीयूचा ४ किंवा ८ पिनचा प्लग त्याच्या जागी, आणि मग भिंतीवरचं बटण चालू.

सीपीयूचा प्लग विसरणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक. अशा बहुतेक टेस्टरवर १२ व्होल्टचे दोन आकडे दिसतात. एक २४ पिनमधून येतो, दुसरा सीपीयूच्या प्लगमधून. तो लावलाच नसेल तर दुसऱ्या आकड्याच्या जागी 'कमी' अशी खूण येते, टेस्टर बोंबलत राहतो आणि चांगला एसएमपीएस नापास ठरतो. सीपीयूचा आणि ग्राफिक्स कार्डचा ८ पिनचा प्लग दिसायला भावंडं असले तरी पिवळ्या-काळ्या वायरींची जागा उलटी असते. सहज बसत नसेल तर जोर लावू नका.

स्क्रीनवर काय बघायचं? पिवळ्या वायरीची १२ व्होल्टची लाइन ११.४० ते १२.६० मध्ये, लाल वायरीची ५ व्होल्टची ४.७५ ते ५.२५ मध्ये आणि नारिंगी वायरीची ३.३ व्होल्टची ३.१४ ते ३.४७ मध्ये हवी. जांभळी वायर म्हणजे ५ व्होल्टचा स्टँडबाय. पीसी बंद असतानाही तो चालू असतो आणि बटण दाबल्याचं बोर्डाला त्याच्याच जिवावर कळतं. 'पीजी' (पॉवर गुड) असं लिहिलेला आकडा मिलिसेकंदांत येतो. एसएमपीएस चालू झाल्यावर "आता वीज स्थिर आहे" हा इशारा बोर्डाला किती वेळाने मिळाला, ते तो सांगतो. एटीएक्स या पीसीच्या एसएमपीएससाठी ठरलेल्या मानकानुसार तो १०० ते ५०० मध्ये असावा. सगळे व्होल्ट ठीक, पण पीजी शून्य किंवा लुकलुकणारा असेल, तर पंखे फिरूनही डिस्प्ले न येण्याचं कारण सापडलं समजा. अशा वेळी लोक रॅम काढून खोडरबराने पुसत बसतात.

स्क्रीनवर उणे १२ व्होल्टचाही आकडा असतो. तो जरा इकडेतिकडे असला तर घरच्या पीसीला सहसा फरक पडत नाही. सातपूर-अंबडच्या वर्कशॉपमध्ये मात्र तो नीट बघा. सीएनसी मशीनला (प्रोग्रॅमवर चालणाऱ्या कटिंग मशीनला) प्रोग्रॅम पाठवणाऱ्या जुन्या डेस्कटॉपचा सिरीयल पोर्ट याच उण्या लाइनवर चालतो. ती मेली तर विंडोज मजेत चालतं आणि प्रोग्रॅम मात्र अर्ध्यात तुटतो. दोष केबलवर जातो.

इथपर्यंत टेस्टर पैसे वसूल करतो. खरा फायदा दोष कुठल्या बाजूला आहे ते वेगळं करण्यात. बोर्डावर लावलं की पंखा थरथरून थांबतो आणि टेस्टरवर तोच एसएमपीएस आरामात चालतो, तर शॉर्ट बोर्डाकडे किंवा ग्राफिक्स कार्डाकडे असण्याची शक्यता मोठी. एकेक भाग काढत जा. टेस्टरवरही मेलेला राहिला तर आधी दुसरी पॉवर केबल लावून बघा, मागचं बटण तपासा, आणि मगच नवा घ्या. बोर्डाशिवाय एसएमपीएस चालू करण्याचं हे काम २४ पिनच्या प्लगमधली हिरवी वायर काळीला जोडून फुकटातही होतं, पण चुकीच्या खाचेत तार गेली तर भलतंच जुळतं. टेस्टरने ती भीती जाते.

आता उणी बाजू, आणि ती मोठी आहे. टेस्टर एसएमपीएसवर अगदी नावाला लोड टाकतो. रिकामी हातगाडी ढकलून ती दोन क्विंटल कांदे ओढेल का ते ठरवण्यासारखं आहे. जुनाट एसएमपीएस रिकामा असताना १२.१० दाखवतो आणि ग्राफिक्स कार्डाने जोर मागितला की ११.२० वर येतो. हे टेस्टरला दिसत नाही. लाइनवरची लहर, म्हणजे रिपल, तर अजिबात दिसत नाही. १२ व्होल्टवर ती १२० मिलिव्होल्ट आणि ५ व ३.३ वर ५० मिलिव्होल्टच्या आत हवी. ती ऑसिलोस्कोपशिवाय (लहर पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्राशिवाय) मोजता येत नाही, मल्टिमीटर एसीवर लावून मिळालेला आकडा फसवा असतो.

म्हणून टेस्टरवर पास झालेल्या एसएमपीएसची दुसरी परीक्षा मशीन चालू ठेवूनच घ्यावी लागते. मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. काळा प्रोब रिकाम्या मोलेक्सच्या काळ्या वायरीत, लाल प्रोब पिवळ्या वायरीत. आकडा लिहून घ्या. मग ओसीसीटीसारख्या सॉफ्टवेअरने सीपीयू आणि ग्राफिक्स कार्ड एकत्र दहा मिनिटं राबवा. १२.१ वरून ११.९ झालं तर हरकत नाही; ११.४ च्या खाली गेलं की निकाल लागला. मोलेक्सवर ठीक आणि सीपीयूच्या प्लगवर चांगलाच कमी असेल तर प्लगची पिन सैल किंवा जळलेली आहे का ते बघा, प्लास्टिक तपकिरी पडलेलं दिसेल. हे सगळं प्लगच्या बाहेरून. एसएमपीएसचा डबा उघडू नका : २३० व्होल्ट आत जाऊन डीसी झाले की ३२५ च्या आसपास असतात, पीएफसी (पॉवर फॅक्टर सुधारणारं सर्किट) असलेल्यात ३८० ते ४००, आणि वायर काढल्यावरही कपॅसिटरमध्ये काही वेळ साठून राहतात.

टेस्टरला न कळणारी आणखी दोन दुखणी आहेत. पहिलं थंडीचं. डिसेंबर-जानेवारीत, विशेषतः निफाडकडच्या सकाळी, बटण दोन-चारदा दाबल्यावर चालू होणारा आणि दुपारी एका फटक्यात उठणारा पीसी बघा. सुकत चाललेल्या कपॅसिटरचा आतला रोध गारठ्यात वाढतो, स्टँडबायची लाइन दमते. तोच एसएमपीएस दुपारी टेस्टरला लावला तर पास होणार. रात्रभर मशीन बंद ठेवा आणि सकाळी सगळ्यात आधी टेस्टर लावा.

दुसरं पावसाळ्याचं. लाइट गेली, यूपीएस ओरडला आणि तरी पीसी रीस्टार्ट झाला की लोक यूपीएसची बॅटरी बदलतात. घरगुती यूपीएसला बॅटरीवर यायला काही मिलिसेकंद लागतात, सहसा दहाच्या आत. तेवढा वेळ एसएमपीएसने स्वतःच्या साठ्यावर तग धरायचा असतो. मानकात तो १६-१७ मिलिसेकंदांचा आहे. मुख्य कपॅसिटर म्हातारा झाला की तो कमी होतो. तपासायला साधा उपाय : यूपीएसला पीसीऐवजी एक बल्ब लावून भिंतीवरचं बटण बंद करा. बल्ब मिनिटभर नीट जळत राहिला तर एसएमपीएसकडे वळा. (कॅबिनेटला हात लावल्यावर येणाऱ्या झिणझिण्या मात्र बहुतेक वेळा एसएमपीएसचा दोष नसतो. पंचवटीतल्या जुन्या वाड्यांत दिसणाऱ्या दोन पिनच्या, अर्थिंग नसलेल्या वायरिंगमध्ये चांगल्या एसएमपीएसच्या फिल्टरमधूनही त्या येतात.)

ऑफिसांतून निघालेले रिफर्बिश्ड डेस्कटॉप असतील तर टेस्टर घेण्याआधी मुख्य प्लगच्या पिना मोजा. डेलच्या कितीतरी ऑप्टिप्लेक्सना ८ पिनचा, एचपीच्या प्रोडेस्कना ६ पिनचा, लेनोवोच्या थिंकसेंटरना १४ किंवा १० पिनचा मुख्य प्लग येतो. तिथे हा टेस्टर शोभेची वस्तू. अ‍ॅडॉप्टर लावून बसवला तरी तो अ‍ॅडॉप्टर स्वतःच व्होल्ट बदलतो, त्यामुळे आकड्यांना अर्थ राहत नाही.

घरात एकच पीसी असेल तर हे पैसे बऱ्यापैकी मल्टिमीटरमध्ये घाला, तो मिक्सरपासून इन्व्हर्टरपर्यंत कामाला येईल. कॉलेजची लॅब, सायबर कॅफे, दहा-बारा मशीनचं ऑफिस सांभाळणाऱ्याने मात्र टेस्टर जरूर घ्यावा. दोन मिनिटांत मेलेला आणि जिवंत वेगळा होतो. आकडे न दाखवणारा, नुसत्या हिरव्या दिव्यांचा स्वस्त प्रकार घेऊ नका, त्यात ११.३ आणि १२.१ सारखेच दिसतात. दुकानातून घेत असाल तर पैसे देण्याआधी तिथल्याच एखाद्या नव्या एसएमपीएसला लावायला सांगा आणि शेजारी मल्टिमीटरने १२ व्होल्ट मोजा. दोन्ही आकड्यांत ०.१ पेक्षा जास्त फरक दिसला तर दुसरा पीस काढायला सांगा.