कमिशनवाल्यांनी रिटर्न कुठं भरावं? औसा रोडच्या ऑफिसचा अनुभव

मी विमा एजंट, अन् एजंट मित्र सारखे विचारायलेत की तू इन्कम टॅक्सचं रिटर्न कुणाकडं भरतोस, म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो. लातूरला औसा रोडवर वरच्या मजल्यावर छोटंसं ऑफिस आहे, लिफ्ट नाही, खुर्च्या कमी, पण रिटर्न भरणाऱ्या मॅडम कामाला एक नंबर.

आधीच्या माणसाकडं फॉर्म १६ए (कमिशनमधून कापलेल्या टॅक्सचा, म्हणजे टीडीएसचा दाखला) टाकला की ८ टक्के नफा धरून आयटीआर-४ हा रिटर्नचा फॉर्म तयार, पाच मिनटात बाहेर. मॅडमनी पहिल्यांदाच सांगितलं, दादा ते ४४एडी, म्हणजे अंदाजे नफा धरायचं कलम, कमिशन अन् दलालीवाल्याला चालतच नाही, तुम्हाला आयटीआर-३ अन् खरा खर्च दाखवावा लागतो. अन् टॅक्सची नवीन रिजीम घेतली तर खर्च धरत नाहीत असं जे सगळे सांगत फिरतात ना, ते बी चूक, तिथं ८०सी ची बचतीवरची वजावट जाते, धंद्याचा खर्च जात नाही.

मग एकेक बिल हातात घेऊन उलटतपासणी. रेणापूर, निलंगा फिरायला पेट्रोल किती, त्यातलं घरचं किती, मोबाईल लेकरं वापरतात का, सगळं विचारतात, घरचा वाटा काढून उरलेलंच धरतात. दिवाळीच्या डायऱ्या-कॅलेंडरचं बिल १४,००० चं, प्रेसवाल्याला एका दिवसात रोख दिलेलं, ते पूर्ण उडवलं, कारण एका माणसाला दिवसात १०,००० च्या वर रोख दिलं की तो खर्च धरत नाहीत. ऑनलाईन दिलं असतं तर अख्खं बसलं असतं. लॅपटॉपला ४० टक्के घसारा (वापरानं कमी होणारी किंमत खर्चात धरतात ती), गाडीला १५, पण दिवाळी पाडव्याला घेतलेल्या गाडीला पहिल्या वर्षी निम्माच, ३१ मार्चपर्यंत १८० दिवस भरत नाहीत म्हणून. मुहूर्त बघणारांनी हे बी बघावं!

शेजारी बसलेला एक जण म्हणाला, मॅडम गिऱ्हाइकाचा पहिला हप्ता आम्हीच भरतो की, तो टाका खर्चात. मॅडमनी पेन खालीच ठेवला. म्हणाल्या, भाऊ, विमा कायदा १९३८, कलम ४१, कमिशनमधून सूट द्यायला बंदी आहे, अन् कायद्यानं बंदी असलेला खर्च वजा होत नाही, माझ्यासमोर तर बोलूच नका. माणूस गप्पच बसला. हे तोंडावर सांगणारं ऑफिस मला तरी दुसरं भेटलं नाही, बाकीचे हो हो म्हणून आकडा टाकून मोकळे होतात, उद्या नोटीस आली तर निस्तरायचं आपण.

फी आयटीआर-४ वाल्यापेक्षा जास्तच आहे, पण टीडीएसचा रिफंड खात्यावर आला की वाईट वाटत नाही. तक्रार एकच, शेवटच्या आठवड्यात फोन उचलत नाहीत, व्हॉट्सअपवर निळी खूण दिसते अन् उत्तर नाही. म्हणून एक स्टार कापला.

अन् बिलं महिन्यावारी लावून न्या, पिशवीत कोंबून नेली की मॅडम हात बी लावत नाहीत.