बारशाच्या साहित्याचे दुकान, गणपत गल्ली परिसर, बेळगाव

दत्तक आलेले मूल क्वचितच बाराव्या दिवसाच्या मापाचे असते. बारशाच्या साहित्याची दुकाने मात्र त्याच मापावर चालतात. आमची लेक कठड्याला धरून उभी राहणारी. तिच्यासाठी पाळणा मागितला तेव्हा या दुकानदारांनी "किती दिवसांची?" एवढेच विचारले आणि उत्तर ऐकून, कसलीही चौकशी न करता, माळ्यावरचा सागवानी पाळणा उतरवून त्याच्या कड्या स्वतः ओढून पाहिल्या व "अक्का, हा वजन पेलेल," असे सांगितले. शहरातल्याच दुसऱ्या एका दुकानात "खरी आई कोण?" हे ऐकावे लागले होते, म्हणून ही शालीनता नोंदवणे भाग आहे. (सप्टेंबर 2022 पासून दत्तकाचा आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात आणि त्यानंतर मूल कायद्याने सर्वार्थाने आपलेच असते, हे पुष्कळांच्या गावीही नसते.)

कुंची मापाने शिवून मिळते. आमच्या कुंचीला इरकली काठ आणि आतून मलमल असून शिलाई दुहेरी आहे. "गोविंद घ्या, गोपाळ घ्या" च्या गडबडीत लेकीने ती भरपूर ओढली, पुढे कपिलेश्वराच्या दर्शनालाही तीच घातली, तरी कुठे उसवली नाही.

चिमणाळे (पाळण्यावर टांगायचे चिमण्यांचे खेळणे) मात्र घेऊ नये, कारण त्याचा रंग हाताला लागतो आणि या वयाची मुले सगळे तोंडात घालतात. किमती लिहिलेल्या नसतात, त्यामुळे घासाघीस अटळ आहे. लग्नसराईत दुपारी गेल्यास दुकानदार निवांत भेटतात.