कॉटन पेपर, ट्यूबचे रंग आणि मॉप ब्रश: पावसाळा ते मार्च वापरून काय वाटलं

सेकंड इयर सुरू व्हायच्या आधी बाहेर बसून वॉटरकलर करायचं सगळं सामान बदललं होतं, आता मार्च आलाय, नव्या वस्तूचं कौतुक कधीच ओसरलंय, त्यामुळे आता लिहायला हरकत नाही. सामान म्हणजे ३०० जीएसएमचा (म्हणजे जाड) शंभर टक्के कॉटन कोल्ड प्रेस, म्हणजे थोडा खरखरीत पेपर (२२ बाय ३० इंचाची फुल शीट घेते आणि पट्टी लावून चार तुकडे करते, म्हणजे ११ बाय १५), आर्टिस्ट ग्रेडच्या मोजक्या ट्यूब, एक स्क्विरल मॉप (खारीच्या केसांचा जाड, गोल ब्रश) आणि पत्र्याचा घडीचा पॅलेट. मी ड्रॉइंग अँड पेंटिंगला आहे, नाशिकला, त्यामुळे लँडस्केप म्हणजे नव्वद टक्के वेळा गोदाघाट. कंपन्यांची नावं लिहीत नाहीये, कारण बऱ्याच तक्रारी आहेत आणि त्यातल्या काही एखाद्या बॅचपुरत्याही असू शकतात.

आधी पेपर, कारण पैसे तिथेच गेले आणि वसूलही तिथेच झाले. एका फुल शीटला मेसचे तीन-चार दिवसांचे पैसे जातात, घरी सांगितलं तर आई म्हणाली कागदाला एवढे?? पण फर्स्ट इयरला आम्ही सगळे साध्या पेपरवर काम करायचो, त्यावर मोठा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग थर, टाकला की पेपर फुगतो, मधे खड्डा पडतो, पाणी तिथे साचतं, आणि रंग थोडा उचलायला गेलं की पेपरचाच कीस निघतो. कॉटनवर हे जवळपास बंद झालं. आकाश टाकून झाल्यावर सुद्धा ओल्या ब्रशने ढगाची कड परत काढता येते, दोनदा काढता येते, पेपर कुरकुर करत नाही. म्हणजे पेपर तुम्हाला वेळ देतो, आणि वॉटरकलरमध्ये वेळ सोडून दुसरं काय पाहिजे असतं.

खरी गंमत काळ्या दगडावर कळली. नारोशंकराचं देऊळ, घाटाच्या पायऱ्या, सगळा काळा दगड, आणि पावसात भिजला की नुसता काळाही राहत नाही, त्याच्यात निळं पण दिसतं आणि तांबूस पण. ट्यूबमधला तयार काळा लावला की तिथे भोक पडल्यासारखं दिसतं. मी अल्ट्रामरीन निळा (ट्यूबवर पीबी २९ हा रंगद्रव्याचा कोड लिहिलेला असतो) आणि तांबूस तपकिरी बर्न्ट सिएना पॅलेटमध्ये पूर्ण न घोटता अर्धवट मिसळून भरपूर पाण्यात सोडते. अल्ट्रामरीनचे दाणे पेपरच्या बारीक खड्ड्यांत जाऊन बसतात, सिएना त्यांच्या आजूबाजूला पसरतो, आणि वाळल्यावर दगडाचा खरखरीतपणा आपोआप येतो, त्यासाठी वेगळं टेक्स्चर करावं लागत नाही. गुळगुळीत पेपरवर हेच रंग हेच पाणी वापरून बघितलं, दाणे एका जागी जमून नुसती चिखलगाळ.

आता पावसाळा. जुलै-ऑगस्टमध्ये हवेतच इतकं पाणी असतं की पहिला वॉश वाळतच नाही. देवळाच्या ओवरीत बसायचं, आकाश टाकायचं, मग चहा प्यायचा, परत येऊन बोट लावून बघायचं, अजून ओलंच. आणि त्या अर्धवट ओल्या वॉशवर वरून एक थेंब टपकला की कडा फुटून फुलकोबीसारखा डाग पसरतो, तो कितीही चांगला पेपर असला तरी पुसत नाही. वरच्या धरणातून पाणी सोडलं की पुराचं चित्र करायला सगळे धावतात, नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या उंच मूर्तीला पाणी कुठपर्यंत लागलं यावरून नाशिककर पूर मोजतात, आम्ही पण चित्रात तोच स्केल म्हणून वापरतो. त्या गढूळ पाण्यासाठी यलो ऑकरमध्ये (मातकट पिवळा) बर्न्ट सिएना आणि अगदी किंचित निळा, एकाच स्ट्रोकमध्ये आडवा ओढायचा आणि सोडून द्यायचा. जास्त छेडलं की पाण्याची भिंत होते.

पावसाळ्यातली खरी डोकेदुखी मात्र घाटावर नाही, हॉस्टेलच्या रूमवर. पेपरने पाणी लगेच पिऊ नये म्हणून त्यावर जे साइझिंग, म्हणजे लेप असतो (काही कंपन्या जिलेटिनचं करतात, पेपर भिजवला की त्याचा वासही येतो) ते ओल धरलं की खराब होतं. बाहेरून शीट एकदम कोरी करकरीत दिसते, आणि वॉश टाकल्यावर मधेमधे गडद ठिपके उमटतात, कारण तेवढ्या जागी पेपर टीपकागदासारखा रंग पिऊन टाकतो. आमच्या ग्रुपमध्ये अशा दोन-तीन शीट गेल्या, सबमिशनच्या आठवड्यात, आणि दुकानदार परत घेत नाही कारण त्यावर रंग लागलेला असतो. आता मी शीट प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून आत सिलिका जेलच्या पुड्या टाकून कपाटात वरच्या कप्प्यात आडव्या ठेवते, भिंतीला टेकवून उभ्या तर अजिबात नाही.

रंगांचं थोडक्यात सांगते. बारा ट्यूबचा सेट घेतला होता, त्यातल्या सहा वापरल्या जातात, बाकीच्या भरलेल्याच आहेत. सॅप ग्रीनची ट्यूब अशीच पडून आहे कारण आपल्याकडचा हिरवा त्याच्यात नाही, पावसातला हिरवा पिवळाकडे झुकतो आणि जानेवारीत सगळं ऑकरकडे जातं, मिसळूनच बरा होतो. अलिझरीन क्रिमसनची (गडद लाल) ट्यूब घेताना मागे पीआर ८३ हा कोड लिहिलाय का बघा, तो रंग उजेडात उडतो, स्केचबुकात ठीक, फ्रेम करून भिंतीवर लावायचं असेल तर नको. दुसऱ्या एका कंपनीच्या रंगात मध असतो, उन्हाळ्यात एकदम लोण्यासारखे उचलतात पण पावसाळ्यात ते पॅलेटमध्ये घट्टच झाले नाहीत, बॅगेत पॅलेट आडवा झाला आणि सगळा निळा पिवळ्यात. पॅलेटचं इनॅमल कोपऱ्यात उडालंय, तिथे गंज धरलाय. मी प्लॅस्टिकचा घेणार आता, दिसायला गरीब पण चालतो.

मॉप ब्रश भारी आहे पण तो पाण्याचा टँकर आहे. मोठं आकाश, नदी, झाडांचा समूह, याला त्याच्यासारखा दुसरा नाही, टोकही चांगलं येतं. पण अवघड असं की पाणी किती आहे ते हातालाच कळावं लागतं, आणि माणसं, नावा, विजेच्या तारा याला आठ नंबरचा सिंथेटिक राउंड ब्रश आणि एक बारीक रिगर (लांब केसांचा, रेषा ओढायचा ब्रश) लागतोच. सहा महिन्यांत मॉपची दांडी हलायला लागलीये, फेव्हिक्विक लावून चालवतेय.

आता मार्चात एकदम उलटी परिस्थिती. अकराच्या पुढे ब्रश टेकवला की कड वाळलेली, वॉश जोडताच येत नाही, पट्टे पडतात. त्यावर दोन उपाय चालले: पेपर मागून पण भिजवून बोर्डवर चिकटवणे, आणि पाण्याच्या डबीत ग्लिसरीनचे दोनच थेंब (जास्त टाकलं की रंग चिकट राहतो आणि धूळ बसते). शिवाय सावली सरकते, म्हणून सर म्हणतात पहिल्या पाच मिनिटांत पेन्सिलने छोटं स्केच करून सावली ठरवून टाका आणि मग समोर काहीही होवो ती बदलू नका. नाशिकचे चित्रकार शिवाजी तुपे यांची नाशिकची लँडस्केप बघितली की हे पटतं, ऊन कुठून येतंय याबद्दल चित्रात शंकाच नसते.

एक गोष्ट मात्र कॉटन पेपरच्या विरोधात जाते. एवढा महाग म्हटल्यावर हात आखडतो, कुठे बिघडेल म्हणून माणूस जपून जपून काम करायला लागतो, आणि जपून केलेलं लँडस्केप लगेच ओळखू येतं. माझा बेत असा की घाटावरच्या बुधवारच्या बाजारात फक्त साधं स्केचबुक आणि बॉलपेन, भाजीवाल्या मावशी, ताडपत्र्या, टोपल्या, माणूस हलला तरी लाइन सोडून द्यायची. रबर घरीच. आणि बिघडलेली कॉटन शीट फेकायची नाही, मागची बाजू तितकीच चांगली असते, तिथे हात बिनधास्त चालतो. माझी बरी कामं बहुतेक मागच्याच बाजूला आहेत, पोर्टफोलिओ लावताना ती पंचाईत होते, पण चालतंय.

कमी बजेट असेल तर रंग स्टुडंट ग्रेडचे चालतील, ब्रश एक कमी घ्या, पण पेपर हाच घ्या, भले अर्ध्या साइझचे तुकडे करून वापरा. आणि मे महिन्यातच घेऊन ठेवा, ऑगस्टमध्ये दुकानाच्या रॅकमध्ये किती ओल खाल्लेली शीट हातात येईल सांगता येत नाही.