छातीवर कडी असलेला हार्नेस, सहा फुटी पट्टा आणि तो हूक : काही महिन्यांच्या वापरानंतर

पट्ट्याचा हूक मोडला म्हणून हे लिहायला बसले आहे. जुळे सोलापुरात आमच्याच गल्लीतून भुऱ्याला, म्हणजे आमच्या कुत्र्याला, घेऊन घरी परत येत होते. गाडी आडवी आली नाही, शेळी दिसली नाही, त्याने हिसकाही मारला नाही. टण्ण आवाज झाला, हातातला पट्टा एकदम हलका लागला आणि बघते तर अर्धा हूक त्याच्या छातीवरच्या कडीत अडकलेला, उरलेला पट्ट्याच्या टोकाला. भुऱ्या माझ्या डाव्या पायाशी तसाच चालत होता. पट्टा सुटल्याचं त्याला कळलंच नव्हतं, कारण तो आधीपासून ढिलाच होता. मी हार्नेसची, म्हणजे त्याच्या छाती-पाठीभोवतीच्या पट्ट्यांच्या साजाची, पाठीवरची मूठ धरली, पण तशी गरज पडली नाही. त्या सकाळी मला इतका आनंद झाला की कंपनीचा राग यायला संध्याकाळ उजाडावी लागली. तो राग अजून उतरलेला नाही.

हार्नेस कसा दिसतो, कुठल्या रंगात मिळतो हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणून त्यात वेळ घालवत नाही. हार्नेस आणि पट्टा असा जोड ऑनलाइन मागवला होता, दोन्ही मिळून सतराशेच्या आसपास पडले. आमच्या घरात एवढ्या पैशांत महिन्याचं दूध येतं, तेव्हा वस्तू किती टिकते हे मी बारकाईने बघणार.

भुऱ्या कारवान मिक्स आहे, म्हणजे कारवान या शिकारी जातीचं मिश्रण, सांगोल्याकडून आणलेला. ज्यांनी या जातीची कुत्री पाळली आहेत त्यांना कळेल : डोकं निमुळतं आणि मान डोक्यापेक्षा रुंद. साधा गळ्यातला बेल्ट कितीही नीट बांधा, मागे सरकून मान खाली घातली की डोकं बाहेर. त्यात ही शिकारी कुत्री नाकापेक्षा डोळ्यांवर जास्त चालतात. लांबवर काही हललं की निघालीच. म्हणून हार्नेस.

सुरुवातीचं मत सांगते. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, प्रश्न सुटला. पाठीवरच्या कडीला पट्टा लावला की कुत्र्याला छातीचा सगळा जोर लावून पुढे झुकता येतं. बर्फावर गाडी ओढणाऱ्या कुत्र्यांना मागून जोडतात ते याचसाठी. पट्टा छातीवरच्या कडीला लावला की त्याने ओढलं तर त्याचंच अंग तुमच्याकडे वळतं, सरळ जोर लागत नाही. माझा खांदा दुखायचा थांबला. मी दोन मैत्रिणींना लगेच घ्यायला सांगितलं.

नंतर मत बदललं. भुऱ्या तिरकं ओढायला शिकला. हार्नेस एका बाजूला सरकायचा, छातीवरची कडी खांद्यावर यायची आणि पुढच्या पायामागे, काखेत, पट्टी घासून तिथले केस गेले. या कुत्र्यांची छाती खोल आणि पोट आत गेलेलं, त्यामुळे कंपनीच्या मापाच्या तक्त्यात छातीचा घेर जुळला तरी पुढची आडवी पट्टी सैल पडते. मागची पट्टी घट्ट केली, पुढची एक घर आवळली आणि काखेपासून दोन बोटं अंतर राहील असं बसवलं, तेव्हा घासणं थांबलं. ओढणं थांबलं नाही. हार्नेसने एवढंच केलं की शिकवता येईल इतकी उसंत मला मिळाली. खरं काम पट्टा आणि खिशातल्या खाऊने केलं, म्हणून पुढचं बहुतेक लिखाण पट्ट्याबद्दल आहे.

कुत्रं ओढतं कारण ओढलं की पुढे जायला मिळतं. ज्या कृतीचं फळ चांगलं मिळतं ती पुन्हा होते, हे थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञाने 1898 मध्ये मांजरांना खोक्यात ठेवून दाखवलं होतं. भुऱ्यासाठी खांबापर्यंत पोचणं हेच फळ. मी ताणलेल्या पट्ट्यानिशी त्याच्यामागे जितकी पावलं टाकीन, तितकी त्याची मजुरी मीच देत असते. म्हणून नियम एकच : पट्टा ताणला की माझे पाय थांबतात. मागे खेचायचं नाही, ओरडायचं नाही, हात पोटाशी धरून उभं राहायचं. तो वळून बघतो किंवा एक पाऊल मागे येतो, पट्ट्याला झोल पडतो, की चालायला लागायचं. आणि तो पायाशी असताना खाऊ द्यायचा, तोही माझ्या सलवारीच्या शिवणीला हात लावून, गुडघ्याच्या उंचीवर. पुढे हात करून दिला की कुत्रं पुढे येऊन आडवं उभं राहतं आणि आपण त्याच्यावर अडखळतो.

हे आधी गच्चीवर केलं. मग जिन्यात, मग गेटच्या आत, मग गल्लीत. सुरुवातीला आमचं फिरणं म्हणजे शेजारच्या घराच्या कंपाउंडपर्यंत जाऊन परत येणं. समोरच्या काकू रोज विचारायच्या, "काय गं, कुत्रं आजारी आहे का?" थांबून थांबून चाललं की बघणाऱ्याला तसंच वाटतं.

आता हूक. या पट्ट्याचा हूक जड होता आणि ते मला फार आवडलं होतं. पट्टा ढिला असला की हूक छातीवरच्या कडीतून सरळ खाली लोंबतो आणि त्याच्यामागे पट्ट्याचा झोल दिसतो. हूक आडवा झाला की ताण यायला लागला. पट्टा पूर्ण ताणायच्या आधी, हूक तिरका होतानाच मला कळायचं आणि मी तेव्हाच पाय हळू करायचे. भुऱ्यालाही ते वजन कळत असावं. हूक उचलला गेला की तो कान मागे करून माझ्याकडे बघायला लागला. हलक्या हुकाच्या पट्ट्यांत हे दिसत नाही. जे पट्टे डबीतून आपोआप लांब होतात आणि गुंडाळतात, त्यांत तर कायम थोडा ताण असतोच. कुत्र्याला ढिला पट्टा म्हणजे काय ते कधी कळतच नाही. ते शिकवायच्या काळात घेऊ नका.

घरात सगळ्यात जास्त चर्चा झाली ती मामंजींशी. संध्याकाळी भुऱ्याला ते नेतात आणि त्यांच्या हातात तो हवा तसा ओढायचा. सकाळी मी शिकवलेलं संध्याकाळी निघून जायचं. कधी मिळतं, कधी नाही, अशा बक्षिसाने सवय जास्त चिवट होते, हे स्किनर या मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर आणि उंदरांवर दाखवलं आहे. मामंजींना स्किनर सांगून उपयोग नव्हता. मी त्यांना म्हटलं, "मामंजी, तुम्ही बैल कसे शिकवायचे?" ते म्हणाले, "कासरा ढिला ठेवायचा. सारखा ताणून धरला की खोंडाचं तोंड मरतं, मग किती बी ओढ, त्याला कायबी वाटत नाय." आणि मग स्वतःच पट्ट्याकडे बघून म्हणाले, "हां, मग हे बी तसंच हाय की." दुसऱ्या दिवसापासून ते थांबायला लागले. त्यांचं थांबणं माझ्यापेक्षा चांगलं आहे, कारण त्यांना कुठे पोचायची घाई नसते.

खाऊवर कंपनीची पाकिटं घेऊ नका. मालदांडी ज्वारीची कडक भाकरी, मीठ न घालता केलेली, बोटाने मोडली की करंगळीच्या नखाएवढे तुकडे होतात, खिसा तेलकट होत नाही आणि पैसेही लागत नाहीत. गल्लीत एवढं पुरतं. चिकनच्या दुकानावरून जायचं असेल तर उकडलेल्या काळजाचे तुकडे लागतात, तिथे भाकरीला कोण विचारतो. शेंगा चटणी लागलेली भाकरी मात्र अजिबात नको, लसूण कुत्र्यांना चालत नाही. आणि जेवढा खाऊ रस्त्यावर गेला तेवढं संध्याकाळचं जेवण कमी करायचं.

वास घेऊ द्यायचा. ढिल्या पट्ट्याने खांबापर्यंत आला की मी "जा" म्हणते आणि तो मनसोक्त हुंगतो. हेच त्याचं मोठं बक्षीस आहे, कित्येकदा काळजापेक्षा मोठं.

उन्हाळ्याबद्दल सोलापूरकरांना सांगायला नको, पण पंजांबद्दल सांगते. एप्रिल-मे मध्ये पारा चाळीशीच्या वर असतो आणि डांबर संध्याकाळी सातलाही तापलेलं असतं. हाताची उलटी बाजू रस्त्यावर टेकवून पाच-सात सेकंद ठेवता आली नाही तर कुत्र्याला तिथे नेऊ नका. पंजे भाजत असतील तर ते सावलीकडे ओढणारच, त्याला शिकवण्याची चूक म्हणता येत नाही. त्या दिवसांत आम्ही उजाडायच्या आत निघायचो आणि संध्याकाळी गच्चीवरच सराव करायचो, फरशीवर पाणी मारून.

पुन्हा हुकाकडे येते. मोडलेला तुकडा मी उजेडात धरून बघितला. वर पितळेसारखा सोनेरी मुलामा, आत राखाडी आणि रवाळ. म्हणजे जस्ताच्या मिश्रधातूचं ओतीव काम. फिरकीच्या मानेवर, जिथे हूक गोल फिरतो तिथेच तो तुटला होता, आणि तुटलेल्या जागेचा अर्धा भाग काळवंडलेला होता. तो तडा जुना होता. वस्तू ओढण्याने तुटली नाही, आधीच चिरलेली होती आणि एका सकाळी गळून पडली. रस्त्यावर ट्रक असता तर काय झालं असतं, हा विचार मनातून जात नाही.

कंपनीला फोटो पाठवले, बिल पाठवलं. त्यांनी व्हिडिओ मागितला, तोही पाठवला. उत्तर आलं की वॉरंटी फक्त शिवणीवर आहे, धातूच्या भागावर नाही, आणि कुत्र्याने जास्त ओढल्यामुळे असं होऊ शकतं. जो पट्टा ओढणाऱ्या कुत्र्यांसाठी म्हणून विकला, तो कुत्र्याने ओढला म्हणून मोडला, असं कळवताना कुणाला काहीच वाटलं नाही का? वर पुढच्या खरेदीवर सवलतीचं कूपन दिलं. मला कूपन नको, एक स्टीलचा हूक हवा होता.

तो मंगळवार पेठेत हार्डवेअरच्या दुकानात मिळाला, जनावरांच्या साखळीला लावतात तसला, कंपनीच्या पट्ट्याच्या दहाव्या हिश्श्यात. चुंबक नेऊन बघितला. तिथून दप्तरं शिवणाऱ्या दादांकडे गेले. जुना टाका उसवून त्यांनी नवा हूक बसवला आणि चौकोन मारून आत फुली असे टाके घातले, जाड नायलॉन दोऱ्याने. शिवताना तेच म्हणाले, "ताई, नवार चांगली आहे, किनार अजून सुटली नाही." ते खरं आहे. माझ्या माहेरी टॉवेलचे माग होते, त्यामुळे विणीकडे माझं लक्ष जातंच : पट्ट्याची वीण घट्ट आहे, धुऊन धुऊनही पिळ बसलेला नाही, मुठीचं अस्तर अजून मऊ आहे. एवढं चांगलं विणून शेवटी असला हूक लावावा, याचंच मला जास्त वाईट वाटतं.

शेजारपाजारचे सांगतात, एवढा खटाटोप कशाला, चोक चेन (ओढली की गळ्याभोवती आवळणारी साखळी) लाव. मी लावणार नाही. गळपट्ट्यावर ताण आला की कुत्र्याच्या डोळ्यातला दाब वाढतो आणि हार्नेसवर तसा वाढत नाही, हे 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पशुवैद्यकीय अभ्यासात मोजलेलं आहे. श्वासनलिकेचं वेगळंच. आणि बांधायच्या साखळीचं म्हणाल तर जड किंवा आखूड साखळीने जनावर अवाजवी वेळ बांधून ठेवणं आपल्याकडे 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातच गुन्हा धरलं आहे. आमच्या भागात दाराशी हातभर साखळीला दिवसभर बांधलेली कुत्री कितीतरी दिसतात, मग संध्याकाळी बाहेर काढल्यावर ती वेड्यासारखी ओढतात आणि मालक त्यांनाच मारतो. ते बघवत नाही.

घ्यायचं असेल तर हार्नेस घ्या, चार तारे देते, एक तारा मापाच्या तक्त्यासाठी कापला. कारवान किंवा मुधोळ जातीचं कुत्रं असेल तर छातीच्या घेरासोबत मानेच्या खालच्या टोकाचंही माप घ्या, आणि पुढची पट्टी वेगळी आवळता येते का ते बघूनच मागवा. पट्टा त्यांच्याकडून घेऊ नका. नवार आणि हूक आणून शिवून घ्या. किंवा घेतलाच असेल तर दर रविवारी हुकाची फिरकी फिरवून मानेवर नख ओढून बघा, बारीक चीर नखाला आधी लागते, डोळ्याला नंतर.

शेळ्यांचं अजून जमलेलं नाही. सकाळी कळप जातो तेव्हा भुऱ्याला भाकरी दिसत नाही, काळीज दिसत नाही, मी तर नाहीच नाही. त्यामुळे आम्ही रस्त्याच्या पलीकडच्या कडेने चालतो, जिथून तो शेळ्या बघूनही मान वळवू शकतो, आणि वळवली की खाऊ. पावसाळा संपेपर्यंत अलीकडच्या कडेला यायचा विचार आहे.