पिस्ता की सेज? फिकट हिरवा रंग ठरवताना

फिकट हिरवा लावायचा, एवढं घरात पटकन ठरतं. अडतं ते शेड कार्ड उघडल्यावर. तिथे फिकट हिरव्याची दोन घराणी दिसतात: पिवळसर झाक असलेला पिस्ता आणि राखाडी झाक असलेला सेज. कार्डावर दोन्ही सारखेच गोड वाटतात, भिंतीवर मात्र दोघांचा स्वभाव पार वेगळा.

आधी खोलीतला उजेड बघा. बऱ्याच शेडच्या कोडसोबत एलआरव्ही नावाचा आकडा मिळतो. 0 म्हणजे सगळा उजेड गिळणारा काळा, 100 म्हणजे सगळा परत देणारा पांढरा. फिकट पिस्ता साधारण 70 च्या आसपास असतो, सेज बहुतेक 40 ते 55 मध्ये. म्हणून स्वयंपाकघराची खिडकी डक्टमध्ये उघडत असेल, किंवा समोरच्या इमारतीने खोली अंधारली असेल, तर मी बिनदिक्कत पिस्ता सांगेन. तिथे सेज भरदिवसा मळकट दिसतो. पश्चिमेच्या खोलीत उलटं. दुपारच्या पिवळ्या उन्हात पिस्ता पोपटीकडे जातो, सेज ते ऊन पचवतो.

आमच्या हॉलमध्ये नेमकं हेच चुकलं. पश्चिमेची गॅलरी, बाहेर आंब्याचं झाड, आणि आम्ही चारही भिंतींना पिस्ता दिला. समोरासमोरच्या भिंती एकमेकींवर रंग टाकतात, त्यात पानांतून येणारा हिरवा उजेड. पावसाळ्यात तर पाहुण्यांचे चेहरेसुद्धा हिरवट दिसायचे. दोन वर्षांनी सेज केला, तोही दोनच भिंतींना. उरलेल्या दोन मोतिया. तेव्हा कुठे खोली शांत झाली. स्वयंपाकघरातला पिस्ता मात्र तसाच ठेवलाय, तिथे तो आजही प्रसन्न वाटतो.

दिव्यांचा विचार रंगाऱ्याला बोलावण्याआधी करा. 6500 केल्विनच्या पांढऱ्या एलईडीखाली पिस्त्याला दवाखान्याची कळा येते आणि सेज निळसर राखेसारखा दिसतो. 3000 केल्विनच्या पिवळसर उजेडात सेज ऊबदार होतो, फिकट पिस्ता जवळजवळ क्रीम वाटतो. संध्याकाळी हिरवा रंग हिरवाच दिसावा असं वाटत असेल, तर 4000 च्या आसपासचे दिवे घ्या.

खाली कोटा फरशी असेल तर माझं मत सरळ सेजला. कोट्यात मुळातच हिरवट राखाडी आहे, शेजारी पिस्ता आला की ती फरशी कितीही पुसली तरी मळकी दिसते. पांढऱ्या टाइल्सवर दोन्ही चालतात. सागवानी कपाट, शिसवी झोपाळा यांचा तांबूस तपकिरी रंग सेजसमोर जास्त खुलतो.

स्विचबोर्डभोवतीचे बोटांचे डाग पिस्त्यावर लगेच दिसतात, त्यामुळे तिथे धुता येणारं सॅटिन फिनिश बरं. पण सॅटिनला चमक असते, भिंतीवरची लांबी (पुट्टी) नीट घासलेली नसेल तर प्रत्येक उंचवटा दिसतो. मॅट सेज ते झाकतो; मात्र नंतर एखादा डाग झाकायला रंगाचा हात मारला तर ठिगळ दिसण्याचा धोका. त्याच बॅचचा अर्धा लिटर रंग जपून ठेवा, झाकणावर कोड लिहून.

जुन्या रंगावर थेट नमुना लावू नका, खालचा रंग डोळ्यांना फसवतो. दोन फूट बाय दोन फुटांचा पांढरा हार्डबोर्ड घ्या, कडेने पांढरी पट्टी सोडून दोन हात मारा आणि तो खोलीभर फिरवा. सकाळी आठला बघा, दुपारी चारला बघा, दिवे लावून बघा. बेडरूमसाठी तो आरशासमोरच्या भिंतीला टेकवा आणि आरशात स्वतःचा चेहरा बघा.